बुजवलेली विहीर

माझे धाकटे दीर छोटी सरकारी बांधकामं घ्यायचे. तीस वर्षांत त्यांच्या साइटवर विटा कधी रांग सोडून दिसल्या नाहीत. वाळूचा ढीगसुद्धा फळीने थापून ठेवलेला. घरी मात्र ओला टॉवेल खुर्चीवरच. धाकटी जाऊ म्हणायची, "साहेब येणार म्हटलं की हे मातीलाही पावडर लावतील. मी साहेब असते ना, तर माझं घर लखलखलं असतं!"

शेवटचं काम एका दुमजली शाळेचं. नकाशासोबतच्या अहवालात लिहिलं होतं, सहा फुटांवर कडक मुरूम. कोपऱ्यातल्या कॉलमचा खड्डा खणताना मुरुमाऐवजी काळा, वास मारणारा चिखल निघाला आणि त्यात गोल बांधलेले दगड. कधीकाळची विहीर, कचऱ्याने भरलेली. भावजींनी काठावरूनच इंजिनिअरसाहेबांना फोन लावला.

"बरं, बरं," साहेब म्हणाले. "सांभाळून घ्या. सोमवारी येतोच बघायला."

येतोच म्हटल्यावर आमच्या भावजींना दुसरं काय सुचणार? मुकादम मोबाइल काढून फोटो घ्यायला लागला, तर त्याच्यावर खेकसले, "असली घाण कशाला फोटोत? आधी आवरू दे." पंप लावले, गाळ उपसला, दगड भरले, वर काँक्रीट. बाकीचं बांधकाम अडलेलं, आणि साहेबांचा सोमवार पुढे पुढे सरकत राहिला. चाळीस दिवसांनी ते आले, तेव्हा जमीन आरशासारखी सपाट आणि तिच्यावर चुन्याच्या चार सरळ रेघा.

"वा! इथे विहीर होती हे सांगूनही कुणाला पटायचं नाही," साहेब म्हणाले.

भावजींनी तेव्हा फोटो काढून घेतला आणि घरी फ्रेममध्ये लावला.

पुढे त्या साहेबांची बदली झाली. शाळा उभी राहिली, पण मुदतीनंतर चाळीस दिवसांनी. नव्या साहेबांचं पत्र आलं: उशिराचं सबळ कारण द्या, नाहीतर तुमचं नाव काळ्या यादीत जाईल. त्या यादीत गेलेल्याला पुन्हा काम मिळत नाही.

भावजी कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडे आले. "वहिनी, तुमची भाषा चांगली. चार ओळी लिहून द्या."

लिहायचं म्हणून मी आधी करार वाचायला घेतला. सतराव्या पानावर होतं: जमिनीखाली अनपेक्षित काही आढळल्यास, त्या जागेला हात न लावता, सात दिवसांत लेखी कळवावे. मी ते मोठ्याने वाचलं.

"फोन केला होता की मी!"

"लेखी म्हणतायत, भावजी."

"आणि हात न लावता म्हणजे? साहेब यायचे होते, वहिनी! त्यांना काय तो उकिरडा दाखवायचा?"

त्यातल्या त्यात मीच सुचवलं, की तो फ्रेममधला फोटो अर्जाला जोडू. त्यावर तारीख तरी आहे.

सुनावणीला मी आणि मुकादमही सोबत गेलो. नवे साहेब वाईट नव्हते. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं आणि फोटो बराच वेळ पाहिला. "यात मला चांगली जमीन दिसते. तुम्हीच काढलाय ना हा?"

"साहेब, मी स्वतः आत उतरलोय," मुकादम म्हणाला.

"तुम्ही यांचेच माणूस." साहेबांनी समोरच आधीच्या साहेबांना फोन लावला. त्यांना विहीर आठवत नव्हती, साइट स्वच्छ होती एवढं आठवत होतं.

भावजी उठून उभे राहिले. "मी खणून दाखवतो."

"वर दोन मजले आहेत हो. मुलं बसतात तिथे," साहेब हळूच म्हणाले.

पंधरा दिवसांनी नाव यादीत गेलं. मुकादमाने दुसरीकडे काम धरलं.

परवा मी भावजींकडे गेले, तर स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे ओळीने मांडलेले. टॉवेल दोरीवर, चारही टोकं जुळवलेला. जावेने चहा आणून ठेवला. ती आत गेल्यावर भावजी माझ्याजवळ सरकले.

"वहिनी, खरं सांगा. तुमचा तरी विश्वास आहे ना, विहीर होती?"

"होती हो, भावजी," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि चहाचा कप बशीच्या बरोबर मधोमध ठेवला. ती विहीर मीही पाहिलेली नाही, हे त्यांना माहीत आहे.