चौघींत एक पर्स

शाळेच्या नोकरीत पैसे साठत नाहीत, किस्से मात्र साठतात. मुलांचे किस्से सगळेच मास्तर सांगतात. मी सांगते ते आमच्या स्टाफरूमचे. गप्पा कुठूनही सुरू होवोत, गाडी शेवटी येते ती पर्सवरच! चार बाया आणि एक पर्स एवढं भांडवल असल्यावर दुसरं होणार काय?

नव्वदच्या दशकातली गोष्ट. वसईच्या आमच्या शाळेत चौघींचं टोळकं होतं. तुळिंजच्या सावंतबाई, स्वच्छतेच्या मागे हात धुऊन लागलेल्या कुलकर्णीबाई, वसईतल्याच वाडीत राहणारी फिलोमिना म्हणजे आमची फिलू, आणि विरारहून येणारी मी. फिलूची आई घरात घसरून पडली, मांडीचं हाड मोडलं, तेव्हा आम्ही तिघी पाळ्या लावून फिलूसोबत दवाखान्यात बसलो. फिलूची मोठी बहीण जेसिंता मस्कतला नर्स. तिला रजा मिळाली नाही, आणि ते तिला फार लागलं.

म्हातारी हिंडूफिरू लागली तशी जेसिंताने एका ओळखीच्या माणसाबरोबर आम्हा चौघींसाठी पर्स पाठवली. चौघींत एकच, कारण त्या माणसाच्या सामानात तेवढीच जागा होती!

पर्स अस्सल चामड्याची, मरून रंगाची. आत क्रीम रंगाचं सॅटिनचं अस्तर. पोट बसू नये म्हणून पातळ पांढऱ्या कागदाचे बोळे भरलेले, वरून नाडीची सुती पिशवी घातलेली. आत बारीक मण्यांची एक पुडी होती, तिच्यावर इंग्रजीत लिहिलं होतं, 'खाऊ नये'.

सावंतबाई म्हणाल्या, "असं लिहिलंय म्हणजे कुणीतरी खाल्लं असणार!"

एकेक महिना एकेकीकडे, असं ठरलं. फिलूने मात्र सगळ्यांना बजावलं, "दोन वर्षांनी नाताळला जेसिंता येणार. पर्स आली तश्शी दिसली पाहिजे, नाहीतर मी तिला तोंड कसं दाखवू?" तिचं बरोबरच होतं. परक्या मुलखात राबून बाईने वस्तू पाठवलेली, तिची हेळसांड झाली तर आम्हालाच लाज.

*

पहिली पाळी कुलकर्णीबाईंची. महिन्याने पर्स परत आली ती उघडीच.

"वरची पिशवी कुठाय?" फिलूने विचारलं.

"धुतली. किती मऊ कापड आहे हो! आणि नाडी असल्यामुळे टांगायला इतकी सोयीची..."

"टांगायला? काय टांगलंत?"

"पाडव्याचा चक्का!"

त्या चक्क्याचं श्रीखंड बाईंनी डब्यातून शाळेत आणलं होतं आणि ते आम्हीच चाटूनपुसून खाल्लं होतं, वर फिलूने दोनदा मागून घेतलं होतं! पिशवी परत आली, पण पुढे कितीतरी दिवस पर्सला वेलदोड्याचा वास येत होता.

*

मग सावंतबाई. त्यांना ते पातळ कागद मळकट वाटले, म्हणून त्यांनी ते फेकून दिले आणि पेपरचे बोळे कोंबले. मे महिन्याचा आमच्याकडचा घाम तुम्हाला माहीत आहेच. पेपरलाही सुटला असावा! शाई सगळी अस्तरावर उतरली.

हे कळलं ते माझ्या पाळीत, माझ्या मामेबहिणीच्या लग्नात. निघताना घाईत बोळे काढून आत टाकलेलं आहेराचं पाकीट काढायला मी ऐटीत पर्स उघडली. शेजारी नवरदेवाची आत्या बसलेली. तिने आत डोकावून पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. अस्तरावर एका टोपीवाल्या गृहस्थांचा फोटो, खाली उलट्या अक्षरांत 'दुःखद निधन'!

आत्याबाईंनी हळूच माझ्या पाठीवर हात ठेवला. "तुमचे कोण?"

मी म्हटलं, "सावंतबाईंकडचे!"

सावंतबाईंनी तुळिंजच्या बाजारातून हुबेहूब तसंच सॅटिन आणून नवं अस्तर शिवलं. टोपीवाले गृहस्थ त्यांच्याकडेच राहिले.

*

पेपर बंद झाल्यावर आत भरायचं काय? सावंतबाईंनी भरपाई म्हणून आपल्या नवऱ्याचे जुने, धुतलेले बनियन दिले. कुलकर्णीबाईंनी ते पुन्हा धुतले. ही युक्ती छान होती. पर्स गुटगुटीत दिसायला लागली.

पुढची पाळी फिलूची. रविवारी ती पर्स घेऊन मिस्साला गेली. दान गोळा करणारे आजोबा बाकांमधून फिरत फिरत तिच्यापुढे आले. फिलूने घाईघाईने पर्समध्ये हात घातला, आणि भर चर्चमध्ये बाहेर निघाला तो सावंतांचा बनियन!

आजोबा जराही हलले नाहीत. शांतपणे म्हणाले, "कपडे नाताळात घेतो, बाय. आता पैसे दे."

सोमवारी शाळेत येताच फिलूने जाहीर केलं, "आजपासून पर्स वापरायची नाही. फक्त सांभाळायची!"

खरं सांगते, आम्हा तिघींना हायसं वाटलं. वापरण्यापेक्षा सांभाळणं सोपं, अशी आमची समजूत होती.

*

ती समजूत पावसाळ्याने धुऊन काढली.

सावंतबाईंनी पर्सला ओल लागू नये म्हणून एकावर एक प्लॅस्टिकच्या पिशव्या घातल्या, तोंड करकचून बांधलं आणि पर्स माळ्यावर चढवली. श्रावणात गाठ सोडली, तर पर्सला पांढरी लव फुटलेली! बाईंना रडूच आलं. त्यांच्या नवऱ्याने बुरशी पुसून पर्सला खोबरेल तेल चोळलं. पर्स अशी चमकायला लागली की विचारू नका. दुसऱ्या दिवशी ती चमक मुंग्यांनाही दिसली.

स्टाफरूममध्ये पर्स टेबलावर ठेवून आम्ही चौघी मुंग्या वेचत बसलो होतो. आमच्या शाळेच्या शिपाई मावशी मिठागराकडच्या गावच्या. त्या चहा घेऊन आल्या, जरा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मिठात ठेवा ना, बाई. आमच्याकडं सगलं मिठात टिकतं. मासली टिकते, मंग ही नाय टिकनार?"

आम्ही हसत सुटलो. कुलकर्णीबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी गंभीरपणे विचारलं, "जाडं मीठ की बारीक?"

*

दसऱ्याला पर्स माझ्याकडे. मी ती कपाटात उभी ठेवली होती, दार रोज थोडा वेळ उघडं ठेवत होते, सगळं शहाण्यासारखं करत होते. पण घरात सासूबाई होत्या! त्यांनी शिलाई मशीन, विळी, ह्यांची स्कूटर यांच्या रांगेत पर्स मांडली आणि ओल्या बोटांनी तिला ठसठशीत हळदकुंकू लावलं.

मी ओरडले, "आई, अहो पर्सला कशाला?"

"अगं, पर्समध्ये लक्ष्मी राहते."

"आई, तिच्यात सावंतांचे बनियन राहतात!"

डाग काढायला आमच्याकडे एकच औषध होतं. मधल्या सुट्टीत आम्ही चौघी खडू कुटून पर्सवर पूड चोळत होतो, तेवढ्यात मुख्याध्यापिका आत आल्या. एकदा पर्सकडे पाहिलं, एकदा खडूंच्या रिकाम्या खोक्याकडे.

"खडू कुठे जातात," त्या म्हणाल्या, "ते आज कळलं!"

*

त्यानंतर पर्स कायमची फिलूच्या घरी गेली. दर शनिवारी शाळा सुटली की आम्ही तिकडे जायचो. पिशवी काढायची, मऊ फडक्याने पुसायचं, बनियन बदलायचे, पट्टा दुमडू नये असा आत ठेवायचा आणि पुन्हा पिशवी. फिलूची आई खाटेवर बसून हे सगळं बघायची. एकदा म्हणाली, "मी दवाखान्यात होते तेव्हा माझी चादरपण एवढ्या वेळा बदलली नाय तुम्ही!"

*

आणि अखेर तो नाताळ आला. जेसिंता घरी आली, आम्हाला जेवायला बोलावणं आलं. फिलूला आठवडाभर झोप नव्हती. सकाळपासून तिने पर्स टेबलावर मांडून ठेवली होती. डाग नाही, सुरकुती नाही, पट्ट्याला एक घडी नाही. नुकतीच दुकानातून आणल्यासारखी! कुलकर्णीबाईंनी वास घेऊन पाहिला. वेलदोडाही गेला होता.

जेसिंता मागच्या दारातून आली. आईसाठी बाजारात गेली होती. धिप्पाड बाई, मोठ्याने हसणारी. आम्हा तिघींना तिने एकदमच कवेत घेतलं आणि "माझ्या आईला तुम्ही सांभाळलंत" म्हणताना तिचे डोळे भरले. आमचेही भरले.

मग तिने खांद्यावरची पर्स टेबलावर ठेवली. तशीच, मरून रंगाची. तिने तेव्हा दोन घेतल्या होत्या, एक स्वतःला आणि एक आम्हाला. तिच्या पर्सचे कोपरे झिजून पांढरे पडले होते. तुटलेल्या पट्ट्याला दवाखान्यातली चिकटपट्टी गुंडाळलेली. आतून तिने आईच्या गोळ्या काढल्या, वांगी काढली, सुकट काढली, जपमाळ काढली आणि आमच्यासाठी चॉकलेटं काढली.

सगळं काढून झाल्यावर तिची नजर शेजारच्या पर्सवर गेली. तिने ती उचलली, उलटीसुलटी करून पाहिली, कोऱ्या पट्ट्यावरून बोट फिरवलं. फिलूने माझा हात घट्ट धरला. आम्ही चौघी शाबासकीची वाट बघत उभ्या.

जेसिंताचा चेहरा उतरला. हळू आवाजात तिने विचारलं,

"आवडली नाही का गं तुम्हाला?"