उजव्या डोळ्याची शेवटची ओळ

नाकावर चष्मा असेपर्यंत मला बोटीवर कुणी घेणार नव्हतं. बाबा तीस वर्षं खलाशी म्हणून जग फिरून आलेले आणि मी भरतीच्या डोळे-तपासणीत दोनदा नापास. तेव्हा लेसरचं खूळ डोक्यात शिरलं. खरं तर माझ्यापेक्षा घाई बाबांनाच. आळीतली पोरं बोटीवर आणि आपला मुलगा मिरकरवाड्यात बर्फाच्या कारखान्यात पावत्या फाडतोय, हे त्यांना सोसत नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी आधी कामावर चष्म्याऐवजी घालायचो त्या कॉन्टॅक्ट लेन्स दोन आठवडे बंद करायला लावल्या, मग मशीनवर दोन्ही डोळ्यांचा नकाशा काढला. उजव्या डोळ्याचा नकाशा त्यांनी दोनदा निरखून पाहिला.

"उजव्या बुबुळावरचा पडदा पातळ आहे, खाली किंचित फुगल्यासारखाही वाटतो. काठावरचं प्रकरण आहे. घरात कुणाला असा त्रास असेल तर लेसरचं नावच काढू नका, आहे ती नजरही जाईल. आहे का कुणाला?"

मी बाबांकडे पाहिलं.

"नाय," बाबा ताडकन म्हणाले. "आमच्याकडं सगळ्यांचे डोळे ठणठणीत."

"मग आठवडाभर विचार करा. धोका पूर्ण टळलेला नाही. निर्णय तुमचा."

मी कसला विचार करतोय! घरी पोचेपर्यंत माझं ठरलं होतं.

दोन दिवसांनी दुपारी जेवून मी ओटीवर बसलो होतो. बाबा शेजारी येऊन टेकले.

"लेसर करूनपण एखादी ओळ अडली तर घाबरू नको," ते म्हणाले. "कंपनीच्या डॉक्टरकडचा तक्ता कधी बदलत नाय. मी सांगतो, पाठ कर."

आणि त्यांनी तक्ता म्हणायला सुरुवात केली. वरच्या मोठ्या अक्षरापासून अगदी तळाच्या बारीक ओळीपर्यंत, एकही अक्षर न चुकता. निवृत्त होऊन त्यांना आठ वर्षं झाली होती.

"तुम्हाला कशाला पाठ करावा लागला?" मी विचारलं.

बाबा खाली मान घालून चटईची काडी उपटत राहिले.

"माजा उजवा डोळा पयल्यापासून कामाचा नाय. बाहेरचा एक डॉक्टर बोलला होता, बुबुळावरचा पडदा फुगून टोकदार झालाय. दर वेळी पाठ करून पास झालो. सांगितलं असतं तर घरी बसवला असता."

"आणि परवा? माझी नजर जाईल असं त्या सांगत होत्या, तेव्हा?"

"तोंडातनं 'नाय' निघून गेलं रे. सवय."

मी आठवडाभर त्यांच्याशी बोललो नाही. मला त्यांचं तोंड बघवत नव्हतं. लेसर केलं नाही. बोटीचं स्वप्न तिथेच बुडालं आणि मी पावत्या फाडत राहिलो.

पुढे माझाही पडदा टोकदार होत गेला. आता दर सहा महिन्यांनी तपासणीला जावं लागतं. एकट्याने जातो म्हटलं तरी बाबा ऐकत नाहीत, मागच्या खुर्चीवर येऊन बसतात. गेल्या खेपेला बाईंनी माझा डावा डोळा झाकला आणि तक्त्यावर काठी ठेवली. समोर नुसतं धुकं. मी अडखळलो, तशी मागून हलकी कुजबूज आली. बाबा मला अक्षरं सांगत होते.

"दिसत नाही," मी मोठ्याने म्हणालो. "मला काहीच दिसत नाही."

कुजबूज थांबली. बाईंनी कागदावर लिहून घेतलं.