घोड्याचे मागचे पाय

शिगेनोने तोयोजीला पहिल्यांदा पाहिलं ते फक्त गुडघ्यांच्या खाली. पलीकडच्या खोऱ्यातून ती मावशीकडे राहायला आली होती आणि नागिसावा गावातल्या देवळापुढे वसंतातला खेळ रंगात आला होता. लढाईत पडलेल्या सरदाराचा घोडा रिकामं खोगीर घेऊन एकटाच घरी परततो, तो प्रवेश. काळ्या कापडाचं कातडं, लाकडी डोकं आणि खाली माणसांचे चार पाय. पुढचे दोन रुबाबात पडत होते. मागचे दोन मात्र खऱ्या जनावराचे वाटत होते. घोडा थांबला की एक पाय अलगद उचलून खुराच्या टोकावर टेकायचा, दमलेलं जनावर टेकतं तसा. मध्येच त्याने माशी हाकलल्यासारखी पोटरी झटकली, आणि अशी वेळ साधून की ऊर बडवून रडणारी सरदाराची बायको हुंदका गिळून थांबली. लोकांनी कागदात गुंडाळलेली नाणी रंगमंचावर फेकली, ती तिच्यासाठी नव्हती.

कुणीतरी तोयोजीचं नाव घेऊन शाबासकी दिली, तेव्हा शिगेनोने मावशीला विचारलं की हा तोयोजी कोण.

"तो मागचा," मावशी म्हणाली. "चेहऱ्याचं काही सांगत नाही, पण पाय चांगले आहेत."

चेहराही वाईट नव्हता. दोन वर्षांनी शिगेनो त्याच्या घरी नांदायला आली.

तोयोजीची डोंगरउतारावर भाताची खाचरं होती आणि देवदारांच्या झाडांखाली अळंबीचे ओंडके रचलेले होते. बोलणं बेताचं. शेजारी आला तर तो आधी चहा पुढे करायचा, मग लोणच्याची बशी, आणि त्यानंतरही पाहुण्यालाच बोलावं लागायचं. त्याचं सगळं बोलणं जणू वर्षातल्या त्या एका दुपारी पायांतून होऊन जायचं. कातड्याच्या आत मागच्याला काही दिसत नाही. वाकून पुढच्याच्या कमरेचा पट्टा धरायचा आणि त्या पट्ट्याच्या ओढीवर चालायचं. पुढचे पाय गेन्सुकेचे. त्याचं साकेचं, तांदळाच्या दारूचं, दुकान होतं, आवाज मोठा होता आणि मत त्याहून मोठं. पण कातड्यात शिरला की तोही गप्प व्हायचा. दोघं तरुणपणापासून एकाच घोड्यात होते.

खेळाचा दिवस पंचांग ठरवत नाही, डोंगर ठरवतो. रंगमंचाच्या गवती छपरामागे जो डोंगर उभा आहे, त्याच्या कड्यावरचं बर्फ वितळू लागलं की काळा खडक उघडा पडतो आणि त्याचा घोडा होतो. आधी पाठ दिसते, मग मान, सगळ्यांत शेवटी शेपूट. शेपूट बर्फातून सुटलं की रोपवाटिकेत भात पेरायचं आणि त्यानंतरच्या रविवारी खेळ. डोंगरावरचा घोडा नदीकडे तोंड करून उभा असतो, म्हणून रंगमंचावरच्यानेही नदीकडेच तोंड करायचं. तोंड उलटीकडे झालं तर पाणी वाट बदलतं, असं जुनी माणसं सांगतात. यावर फारसं कुणी विश्वास ठेवत नाही, आणि उलटं करूनही कुणी पाहिलेलं नाही.

शिगेनो दर वसंतात कातडं उन्हात घालायची, उंदरांनी पाडलेली भोकं शिवायची आणि खेळाला चटईवर आपल्या ठरलेल्या जागी बसायची. मुलगी झाल्यापासून दोघं एकमेकांना आई आणि बाबा म्हणू लागली होती. मुलगी लग्न होऊन शहरात गेली तरी ते तसंच राहिलं.

एका शरद ऋतूत गेन्सुकेच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि वाकणं कायमचं संपलं. तरुण पोरं खालच्या शहरांत होती. उरलेल्यांपैकी कुणाची पाठ, कुणाचा गुडघा. खेळाच्या मंडळाने ठरवलं की आता घोडा नको, एखाद्याने नुसतं खोगीर हातांत घेऊन यावं, लोकांना समजेल. बैठकीत तोयोजीने होकाराची मान डोलावली. घरी येऊन सोबाच्या शेवया खाल्ल्या, भांडं धुतलं आणि कोठारात जाऊन टांगलेल्या कातड्यासमोर उभा राहिला. दुसऱ्या दिवशीही तसाच उभा होता. हा माणूस कशाबद्दल तक्रार करणार नाही हे शिगेनोला ठाऊक होतं, आणि म्हणूनच तिला ते पाहवेना.

रात्रीच्या जेवणावर ती म्हणाली, "पुढचे पाय मी करते."

तोयोजीने वाटी खाली ठेवली. "तू?"

"इतकी वर्षं या घरात पुढे कोण चालतंय, बाबा? फक्त कातडं नव्हतं अंगावर."

मंडळात कुरकुर झाली. बाईने घोड्यात शिरल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. तेव्हा पोस्टमास्तर नाकादाइरा बोलले. मिशी काढून, पावडर थापून तेच दरवर्षी सरदाराची बायको व्हायचे. "मी वीस वर्षं बाई आहे," ते म्हणाले, "कुणी हरकत घेतली नाही. मग ही एक दुपार घोडा झाली तर काय बिघडतं?" मंडळाने होकार दिला. मात्र अट घातली गेली: या वेळी पाहू. घोडा हास्यास्पद झाला तर पुढच्या वर्षीपासून खोगीर.

हिवाळाभर समाजमंदिराच्या सभागृहात सराव झाला. गेन्सुके खुर्चीत बसून काठी आपटत असायचा. शिगेनोची चाल जड आहे, मान कोंबडीसारखी हलते, हे तो रोज सांगायचा आणि रोज घरून तिच्यासाठी गरम साके आणायचा. दारातून आत यायचं, पुढे यायचं आणि वळून तोंड स्टोव्हकडे करायचं, एवढं ती शिकली. स्टोव्ह नदीच्या बाजूला होता.

शेपूट सुटलं, भात पेरलं गेलं, रविवार आला. रंगमंचावर स्टोव्ह नव्हता.

घोडा मागच्या पडद्यातून आला, लोकांसमोर उभा राहिला. लाकडी तोंडाच्या फटीतून शिगेनोला चटया दिसल्या, नेहमीची माणसं दिसली, आणि आयुष्यभर त्या चटयांवर बसून पाहिलेलं तिला आठवलं: घोडा उजव्या हाताला वळतो. ती उजव्या हाताला वळली. पण चटईवरचा उजवा हात रंगमंचावर डावा होतो. वर डोंगरावरचा घोडा नदीकडे पाहत होता आणि खाली देवळापुढचा नदीला पाठ फिरवून उभा होता. दोन्ही घोडे सगळ्यांना एकदमच दिसत होते.

मागे कुणीतरी खुदकन हसलं.

आत तोयोजीला अंधाराशिवाय काही दिसत नव्हतं. पण याच जागी लोक उसासा टाकतात, हे त्याच्या पायांना माहीत होतं, आणि आज उसासा आला नव्हता.

"आई, काय दिसतंय?" तो कुजबुजला.

"गेन्सुके-सान. काठीने नदी दाखवताहेत." मग तिला उमगलं. "मी उलटी वळले, बाबा."

घोड्याच्या तोंडापाशीच नाकादाइरा लगाम धरून गुडघ्यांवर बसले होते, तिथून पुढच्याला वळायला जागा नव्हती. ज्या पट्ट्याच्या ओढीने तोयोजी जन्मभर चालला, तो पट्टा त्याने पहिल्यांदा स्वतःकडे ओढला. मागचे पाय सरकू लागले. एक पाऊल मागे, एक बाजूला. अर्ध्यात तो थांबला, एक पाय खुराच्या टोकावर टेकवला, पोटरीतून बारीकशी थरथर सोडली, आणि पुन्हा मागे सरकला. उंबऱ्याशी आलेलं जनावर आत जायला तयार नसावं, तसा घोडा पाठमोरा फिरत गेला. लगामासोबत नाकादाइराही फरफटत फिरले. पण इतकी वर्षं उगाच विधवा झाले नव्हते ते. त्यांनी घोड्याच्या मानेला गाल लावला आणि संहितेत नसलेलं वाक्य म्हटलं:

"मालकाला मागे ठेवून घरात यायला तुलाही जड जातंय ना रे?"

हसू जिथल्या तिथे विरलं. घोडा नदीकडे तोंड करून उभा राहिला तेव्हा चटयांवरून उसासा आला, आणि मग कागदातली नाणी इतकी आली की नाकादाइरांना किमोनोच्या बाहीआड तोंड लपवावं लागलं.

मागच्या खोलीत कातडं उतरवल्यावर शिगेनो लालबुंद चेहऱ्याने जमिनीवर बसली आणि सगळं नासवलं म्हणाली. तोयोजी तिच्या गुडघ्यांवरून ओला पंचा फिरवत राहिला.

"पुढच्या वर्षीही असंच वळू," तो म्हणाला. इतकं लांब वाक्य तो त्या आठवड्यात पहिल्यांदाच बोलत होता.

मंडळालाही तेच म्हणायचं होतं. घोडा राहिला, आणि ते उलटं वळणंही खेळात कायमचं आलं. गेन्सुके मात्र अजून धुसफुसतो. एवढ्या वर्षांत आपण एकही चूक केली नाही, म्हणून आपलं काही कुणी ठेवून घेतलं नाही, असं तो गिऱ्हाइकांना ऐकवतो.

तोयोजी आता पंचाहत्तरीच्या पुढे आहे. सकाळी अळंबीच्या ओंडक्यांना पाणी घालतो, दुपारी जेवून झोपतो, आणि शेपूट सुटल्यानंतरच्या रविवारी बायकोच्या कमरेचा पट्टा धरून घोड्याचे मागचे पाय होतो.