मंगलबाई हॉटेल निवडतात

वडवणीच्या स्टँडामागं मंगलबाईंची खानावळ आहे. तिला पाटी नाही आणि पाटीवाचून तिचं काही अडलेलंही नाही. एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर, बाजाराला आलेले शेतकरी, पंचायत समितीतले साहेब, सगळे वासाच्या मागं बरोबर येतात. उसाच्या फडावर तीन दगडांच्या चुलीवर भाकरी थापायला शिकलेली ही बाई आज एका पंगतीला चाळीस ताटं वाढते आणि वाढताना प्रत्येकाला ‘घ्या की अजून’ म्हणायला विसरत नाही.

पण मंगलबाईंचं नाव झालंय ते आणखी एका गोष्टीसाठी. परमुलखात कुठं जेवावं हे त्यांना विचारावं. मांजरसुंब्याला गाडी थांबली की बाकीचे धाब्यांच्या पाट्या वाचतात, मंगलबाई धाब्याच्या मागं जातात. आधी मोरी बघतात, मग भांडी पुसायचं फडकं हातात घेऊन बघतात आणि शेवटी विचारतात, मालक स्वतः कुठं जेवतो? फडकं चिकट लागलं तर पुढं काचेचा महाल का असेना, त्या पाऊल टाकत नाहीत. एकदा त्यांच्या शब्दावर अख्खं वऱ्हाड उपाशीपोटी पुन्हा गाडीत चढलं होतं आणि नवरदेवाच्या मामानंसुद्धा तोंड उघडलं नाही. आता मामानं गप्प बसावं, यापेक्षा मोठा मान बाईमाणसाला कुठला मिळायचा!

अशा बाईची पारख एकदा चुकली. ती गोष्ट त्या स्वतःच सांगतात, काही न झाकता, आणि म्हणून तर त्या अधिकच मोठ्या वाटतात.

त्यांच्या सासूबाई, कौशल्याबाई, माळकरी. अकरा वर्षांपूर्वी खानावळीत बुधवार-रविवार मटण शिजू लागलं, तेव्हा म्हातारीनं मागच्या खोलीत आपला वेगळा गॅस मांडला. मंगलबाईंनी मनात म्हटलं, माळ घातलेलं माणूस, बरोबरच आहे. भांडण नाही, तंटा नाही, फक्त चुली दोन झाल्या. म्हातारी आपलं आपण रांधायची, आपण वाढून घ्यायची.

गेल्या हिवाळ्यात मुलाला, प्रविणला, त्याच्या ट्रॅक्टरच्या शोरूमनं बक्षीस दिलं. घाटाखालच्या एका मोठ्या पार्कातल्या रिसॉर्टात चार माणसांनी दोन दिवस राहायचं. नवरा तानाजी खानावळ सांभाळायला मागं राहिला आणि मंगलबाई, प्रविण, सून दीपमाला आणि कौशल्याबाई असे चौघं निघाले. म्हातारीनं धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली होती. पहिला दिवस त्यावर निभावला. दुसऱ्या दिवशी दमट हवेत धपाट्यांना वास सुटला. म्हातारीला साखरेचा आजार, सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी गोळी. गोळी घेऊन जेवण चुकलं तर डॉक्टरांनी बजावून ठेवलेलं, बाई जागच्या जागी कोसळेल.

रिसॉर्टात जेवायच्या जागा चार. एक तळ्याकाठी, दिव्यांच्या माळा लावलेली, तिच्यावर दीपमालाचा डोळा होता. प्रविण मोबाइलवर बघून कुणाला किती तारे मिळालेत ते वाचत सुटला. मंगलबाईंनी त्याला सांगितलं की तारे आभाळात बघावेत, आणि पदर खोचून त्या चारही जागांच्या मागच्या अंगाला निघाल्या.

पहिल्या दारातून त्यांना हाकललं. दुसऱ्या ठिकाणी मासळी आणि भाजी एकाच ओट्यावर चिरत होते. तळ्याकाठच्या स्वयंपाकघरातलं फडकं त्यांनी दोन बोटांनी उचललं आणि तसंच ठेवून दिलं. चौथी जागा निव्वळ शाकाहारी. तिथल्या आचाऱ्याला त्यांनी आपण खानावळवाली आहोत असं सांगितल्यावर त्यानं कौतुकानं सगळं दाखवलं. भांडी स्वतंत्र, पळ्या स्वतंत्र, मोरी स्वतंत्र, मांसाचा वाराही नाही. फडकं कोरडं. आचारी दोन्ही वेळा तिथंच जेवायचा. वर आणखी पिठलं होतं आणि ज्वारीची भाकरीही होती. शितावरून भाताची परीक्षा झाली, मंगलबाईंची छाती फुगली. खोलीवर येऊन त्यांनी सासूबाईंना जागा सापडल्याचं सांगितलं आणि गोळी घ्यायला लावली.

दालनात शिरल्यावर जो तो ताट घेऊन रांगेत लागला. कौशल्याबाई मात्र कोपऱ्यातल्या टेबलाशी जाऊन बसल्या, हात मांडीवर घेऊन. दीपमाला बोलवायला गेली तर म्हणाल्या, “जा तुमी. मला भूक न्हाई.”

मंगलबाईंना वाटलं, भांड्यांची शंका आली असेल. त्यांनी मोरीपासून पळीपर्यंत सगळं सांगितलं. भूक न्हाई. मग वाटलं लसूण चालत नसेल. आचाऱ्याला सांगून बिनलसणाचं वरण करून घेतलं. तरी भूक न्हाई. मंगलबाई मनातून चिडल्या. एवढी शोधाशोध केली, आता म्हातारीचं सोवळं कुठवर पुरवायचं? पण गोळी घेऊन अर्ध्या तासावर वेळ झाला होता, म्हातारीच्या कपाळावर घाम दिसायला लागला होता. प्रविण साखर आणायला पळाला.

मंगलबाईंनी दालनावरून नजर फिरवली. शंभरेक माणसं होती. प्रत्येकाच्या हातात आपलं ताट, प्रत्येकाच्या हातात पळी, जो तो आपलंच वाढून घेत होता. एवढ्या माणसांत कुणी कुणाला ‘घ्या’ म्हणत नव्हतं. आणि कोपऱ्यात आपली म्हातारी, पंगतीत पाहुणी बसावी तशी ताठ बसलेली, कुणीतरी येऊन वाढेल म्हणून. चारही स्वयंपाकघरांच्या दारांशी त्या जाऊन आल्या होत्या, पण शोधत होत्या तेच चुकीचं होतं.

त्यांनी ताट घेतलं. भाकरी, पिठलं, वरण, कांदा तेवढा वगळला. डोक्यावरून पदर घेतला, ताट सासूबाईंच्या पुढ्यात ठेवलं आणि वाकून म्हणाल्या, “आत्याबाई, जेवा की. माजी शपथ हाय.”

कौशल्याबाईंनी भाकरी मोडली. प्रविण साखर घेऊन आला तेव्हा म्हातारीचा तिसरा घास चालू होता. त्या खाली मान घालून जेवत राहिल्या, अर्धी भाकरी संपली, कपाळ कोरडं झालं. मग पाणी पिऊन बोलल्या.

“अकरा वर्सं झाली. वाटंवरच्या मान्साला जेवा-जेवा म्हनतीस. मला कवा म्हनलीस?”

मंगलबाई अडखळल्या. “तुमची माळ हाय म्हनून...”

“माळंला येगळं पातेलं लागतं,” कौशल्याबाई म्हणाल्या. “मला कावून येगळं ठिवलं?”

दुसरी एखादी असती तर म्हणाली असती की गॅस तुम्हीच मांडला होता, आणि ते खोटंही नव्हतं. मंगलबाई तसं म्हणाल्या नाहीत. डोळे भरले ते पदरानं पुसले आणि सांगितलं, “चुकलं माजं. घरी गेल्यावर तुमच्या गॅसवर, तुमच्या भांड्यांत म्या रांधीन. आंघूळ करून, आधी तुमचं, मग खानावळीचं.”

म्हातारीनं उरलेल्या भाकरीचा घास मोडला. मंगलबाई उठल्या, रांग सोडून थेट भाकरीच्या टोपलीशी गेल्या आणि एक गरम भाकरी घेऊन आल्या. कौशल्याबाईंनी नको नको म्हणत ताटावर हात आडवा धरला. मंगलबाईंनी तो हात हळूच बाजूला केला आणि अख्खी भाकरी वाढली.