सतरा फाटकांची गल्ली

अमेरिकेत येऊन मला तीन वर्षं झाली होती. त्या तीन वर्षांत मी एकच काम मन लावून केलं होतं, ते म्हणजे कुरकुर. नागपूरला मी रेडिओ केंद्रावर हंगामी निवेदिका होते. इथे वेस्ट विंडसरला नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोला नोकरी करायला बंदी. शेवटी एका शनिवारी नवरा म्हणाला, "अगं, बाजूच्या टाउनच्या लायब्ररीत पॉडकास्टिंगचं वर्कशॉप आहे, व्हॉलंटियर शोधतायत. तुझं रेडिओचं बॅकग्राउंड आहे, तू जा ना यार. मलाही वीकेंडला जरा शांतता मिळेल." शेवटचं वाक्य त्याने गिळायला हवं होतं, पण मी गेले.

२००७ साल होतं. पॉडकास्ट म्हणजे आवाज रेकॉर्ड करून इंटरनेटवर ठेवायचा आणि ज्याला हवं त्याने हवं तेव्हा ऐकायचा, हे तेव्हा लोकांना समजावून सांगावं लागे. वर्कशॉप होतं युक्रेनमधून आलेल्या, घरदार सोडावं लागलेल्या माणसांसाठी. त्यांनी आपापली गोष्ट आपल्या भाषेत सांगायची, आम्ही ती रेकॉर्ड करून नीटनेटकी करायची. लायब्ररीचा रेकॉर्डर एकच होता. एकाचं झालं की ते माझ्या लॅपटॉपवर घ्यायचं, रेकॉर्डर पुसायचा आणि पुढच्याच्या हातात द्यायचा. भाषेचा मला गंध नव्हता, पण आवाजाचं काम मला येतं, असा माझा तोरा होता.

मावशी मला पहिल्याच दिवशी भेटल्या. मावशी हे नाव मीच दिलं. सत्तरीला आलेल्या बाईला इथल्या पद्धतीने नुसत्या नावाने हाक मारणं मला जमत नाही. अर्थ सांगितल्यावर त्या खूश झाल्या. त्यांच्याकडेही म्हणे परक्या बाईला असंच म्हणतात. त्यांचं गाव चेर्नोबिलजवळचं. तिथे त्या पोस्टमन होत्या, सायकलवरून पत्रं वाटायच्या. अणुभट्टीचा अपघात झाला तेव्हा तीन दिवसांसाठी म्हणून सगळ्यांना गावाबाहेर काढलं, आणि ते तीन दिवस काही संपले नाहीत. आधी एका शहरात, मग दुसऱ्या, आणि पुढे लेकीच्या मागोमाग त्या न्यू जर्सीला आल्या.

पण त्यांना गोष्ट जगाला सांगायची नव्हतीच. त्यांना ती एकाच माणसाला ऐकवायची होती. त्यांची थोरली बहीण तिकडे युक्रेनमध्येच एका शहरात, मुलाच्या सहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहत होती. दोन वर्षांपूर्वी तिची दृष्टी गेली आणि दृष्टीपाठोपाठ बोलणंही गेलं. घशाला काही झालं नव्हतं. बोलावंसंच वाटत नव्हतं. मावशी दर रविवारी फोन करायच्या. बहीण "हो" म्हणायची, "बरी आहे" म्हणायची, की दोन मिनिटांत फोन बंद. मावशींचे गुडघे गेलेले, प्रवास शक्य नव्हता. "ती बोलत नाही म्हणजे ती जाते आहे," मावशी त्यांच्या तुटक इंग्लिशमध्ये म्हणाल्या. "हळूहळू. मला तिला थांबवायचं आहे."

म्हणून त्यांनी गावातली आपली गल्ली सांगितली. पत्रं वाटायला निघाल्यासारखी, गल्लीच्या तोंडापासून बहिणीच्या घरापर्यंत, एकेक घर. एकोणीस मिनिटं बोलल्या. मला एक अक्षर कळलं नाही, पण आवाज असा होता की केंद्रावरच्या आमच्या साहेबांनी उभं राहून ऐकला असता.

घरी येऊन मी कामाला लागले. लॅपटॉपच्या पडद्यावर आवाजाच्या उभ्या रेघा दिसतात आणि जिथे कोणी बोलत नाही तिथे आडवी सपाट रेघ. मावशींच्या रेकॉर्डिंगमध्ये सपाट रेघाच रेघा! दोन शब्द, की सपाट. पुन्हा चार वाक्यं, की सपाट. आता रेडिओवर वाढलेल्या माणसाला शांततेची किती धास्ती असते ते बाहेरच्याला नाही कळायचं. तीन सेकंद आवाज गेला की ड्यूटी ऑफिसर पळत यायचा. मी बिचारीच्या अडखळण्याची कीव करत, अगदी मायेने, एकेक सपाट रेघ कापून टाकली. एकोणीस मिनिटांची अकरा झाली. वर त्याच फाइलवर सेव्ह केलं, आणि मूळ रेकॉर्डिंग रेकॉर्डरमधून तर केव्हाच पुसलं गेलं होतं. नवऱ्याला ऐकवलं तर तो म्हणाला, "काय स्मूद केलंयस यार!" मी फुगले.

पुढच्या शनिवारी मावशींनी हेडफोन लावले. सोबत त्यांची लेक होती. मी कौतुकाची वाट बघत समोर बसले. मिनिटभरातच मावशींचा चेहरा उतरला. त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि लेकीला काहीतरी सांगितलं.

लेक संकोचून म्हणाली, "आई म्हणते, तुम्ही सगळ्या माणसांना घरातून घालवलंत."

मग तिने समजावलं. त्यांच्या गावात फाटक नुसतं लोटलेलं असलं तरी कोणी सरळ आत जात नसे. बाहेर उभं राहून हाक मारायची आणि आतून ओ आली की मगच फाटकाला हात लावायचा. मावशींनी सतरा फाटकांवर हाक मारली होती आणि सतराही वेळा त्या थांबल्या होत्या. मी ज्या कापल्या त्या ओ येण्याच्या जागा होत्या.

मावशी माझ्याकडे वळल्या. रागावल्या नव्हत्या, तेच जास्त लागलं. "गाव रिकामं केलं त्या दिवशी सैनिक असे आले होते," त्या म्हणाल्या. "हाक मारली, पुढचं घर. हाक मारली, पुढचं घर. कोणासाठी थांबले नाहीत."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आम्हीसुद्धा नागपूरला दारात उभं राहून "आहे का कोणी घरात?" असंच ओरडायचो. अमेरिकेत सगळं आधी फोन करून, वेळ ठरवून. तीन वर्षांत मी कुणाच्या दारात थांबायचं विसरूनच गेले होते.

पण तोरा असा सहजासहजी जात नाही. घरी जाऊन मी एक चलाखी केली. प्रत्येक हाकेनंतर सहा सेकंदांची कोरी जागा चिकटवली आणि मंगळवारी लेकीच्या घरी जाऊन मावशींना ते रेकॉर्डिंग ऐकवलं. त्यांनी मान हलवली. "हे रिकामं आहे. मी थांबते तेव्हा तिथे मी असते." शिवाय सगळी घरं सारखी कशी? तिसऱ्या घरातल्या म्हाताऱ्याचा एक पाय लाकडी, त्याला दारापर्यंत यायला वेळ लागायचा. पाचव्या घरातली बाई हाक पुरी व्हायच्या आतच बोलायला लागायची. मी सगळ्यांना सहा-सहा सेकंद वाटून मोकळी झाले होते.

"पुन्हा सांगाल?" मी विचारलं. त्यांनी माझ्यापुढे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्यांची बशी सरकवली. वर आंबट साय होती. "आधी खा," म्हणाल्या. त्यांच्याकडे हेच 'हो' असतं, हे मला लेकीने नंतर सांगितलं.

दुसऱ्या रेकॉर्डिंगला मी हात मांडीखाली दाबून बसले. तिसऱ्या फाटकाशी मावशी इतका वेळ थांबल्या की माझ्यातली निवेदिका तडफडून मेली. कुठेतरी कुत्रं भुंकलं, मावशींनी श्वास घेतला. यातलं काही म्हणजे काही मी कापलं नाही. वीस मिनिटं झाली आणि ती वीसच ठेवली.

बहिणीच्या मुलाशी लेकीने ठरवलं. इथली शनिवारची सकाळ म्हणजे तिकडची संध्याकाळ. तो तिकडे कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग लावणार आणि फोन आईजवळ ठेवणार. आम्ही तिघी लेकीच्या स्वयंपाकघरात स्पीकरफोनभोवती बसलो. लेक कुजबुजत मला अर्थ सांगत होती.

तिकडे मावशींचा आवाज सुरू झाला. पहिलं फाटक, हाक. शांतता. दुसरं फाटक, हाक. शांतता. मावशी टेबलक्लॉथची किनार चुरगाळत होत्या. मला वाटलं, संपलं, माझ्या पहिल्या चुकीमुळे हे दुसऱ्यांदा सांगणं फिकं पडलं.

तिसरं फाटक, हाक. बराच वेळ काही नाही. मग फोनमधून एक घोगरा, न वापरलेला आवाज आला, पुरुषाची नक्कल करणारा. लेक एकदम हसली आणि मग तिला रडू आलं. "आईची बहीण म्हणतेय, 'येतोय, येतोय, आधी माझा पाय सापडू दे!'"

चौथ्या घराला बहीण चिडक्या सुरात बोलली. पाचव्याला तर हाक संपायच्या आतच सुरू झाली. प्रत्येक घराचा आवाज वेगळा, प्रत्येक ओ बरोबर त्या मोकळ्या जागेत बसणारी, एकही सेकंद कमी नाही की जास्त नाही. इकडे मावशी तोंडावर पदर धरावा तसा ॲप्रन धरून हसत होत्या. मी इतकी खूश कधी झाले होते ते मला आठवेना.

सतरावं फाटक बहिणीचं स्वतःचं. तिथे मावशींनी हाक मारली होती आणि पुढे काहीच बोलल्या नव्हत्या. रेकॉर्डिंग तिथेच संपत होतं. फोनमध्ये नुसती खरखर राहिली. आम्ही कोणी हललो नाही.

मग बहीण बोलली, आता स्वतःच्या आवाजात. लेकीने मला सांगितलं, "ती म्हणतेय, 'उघडंच आहे. बाहेर काय उभी आहेस?'"

मावशी फोनवर वाकल्या आणि म्हणाल्या, "आले."