पाटावरचे निळे कमळ

प्रिय अद्वैत आणि सानिका,

गणपतीचा पाट समुद्रात बुडवणारी आपल्या घराण्यातली पहिली व्यक्ती मी आहे. तुम्ही दोघे तिकडे टोरोंटोत चहाच्या ट्रेवर रंगीत टाइल्सचे तुकडे चिकटवत बसल्याचा फोटो काल तुमच्या आईने पाठवला. तो पाहून आबा जे हसत सुटले, त्यावरून पुढच्या व्हिडिओ कॉलवर ते सगळे तिखटमीठ लावून सांगणार हे उघड आहे. म्हणून मीच आधी लिहिते, नीट आणि क्रमाने.

आपल्याकडे गणपतीच्या आधी घरचा पाट मूर्तिकाराकडे पोचवतात. मूर्ती त्याच पाटावर घडते आणि त्यावरूनच घरी येते. विसर्जनानंतर त्या पाटावर किनाऱ्याची मूठभर वाळू घरी आणायची, तिची आरती करायची, की मगच गणपती पार पडला. आपला पाट फणसाच्या लाकडाचा, आबांच्या आजोबांनी स्वतः रंधा मारून केलेला.

गेल्या वर्षी न्हाणीघराच्या निळ्या टाइल्स उरल्या. (मला वस्तू टाकवत नाही. बिनझाकणाच्या डब्यांचे एक आणि बिनडब्यांच्या झाकणांचे एक, अशी माझी दोन स्वतंत्र खोकी आहेत.) मी इंग्रजीतले तीन व्हिडिओ पाहिले, वहीत टिपणे काढली, आलेखाच्या कागदावर कमळ आखले आणि आठ दिवस खपून ते पाटावर उतरवले. फटींत पांढरे सिमेंट भरले.

आबा दारातून बघत होते.

"अगो, पाटाला लादी कशाला घालतेस?"

"लादी नाही, मोझॅक! देवाला बसायला कमळ."

"आणि देव बसल्यावर ते दिसणार कोणाला?"

हा मुद्दा माझ्या टिपणांत नव्हता!

पाट उचलवेना, म्हणून रिक्षाने नेला. मूर्तिकार भाईंनी चष्मा कपाळावर चढवला.

"काकू, पाट कुठाय?"

"हा काय!"

"हा होय? मला वाटलं, नव्या न्हाणीघराचा नमुना दाखवायला आणलात."

तुकड्यांच्या उंचसखलपणामुळे मूर्ती डुगडुगू नये म्हणून भाईंनी आधी मातीचा जाड थर दिला. आठ दिवसांचे कमळ अर्ध्या मिनिटात गाडले गेले. बाहेर राहिली दीड पाकळी.

"दीड दिवसाच्या गणपतीला दीड पाकळी," भाई म्हणाले, "अगदी बेतशीर!"

दरवर्षी आबा मूर्ती एकट्याने डोक्यावरून आणतात. गेल्या वर्षी दोघांनी धरूनही ते घरी पोचले तेव्हा, त्यांच्याच शब्दांत, मान खांद्यांत गेली होती.

दुसऱ्या दिवशी मांडवीच्या किनाऱ्यावर विसर्जन. आबा कमरेएवढ्या पाण्यात जातात, मूर्तीला तीन बुड्या देतात, मूर्ती जाते आणि पाट आपणहून वर येतो. त्या वेळी मूर्ती गेली. पाटही गेला!

आजूबाजूला लोकांचे पाट बदकांसारखे वर येत होते आणि आबा दोन्ही हातांनी पाणी चाचपत होते. शेवटी रिकाम्या हातांनी बाहेर आले. "आजोबांचा पाट होता गो," एवढेच म्हणाले. ओरडले असते तर बरे वाटले असते. पाट पाण्यात न्यायचा असेल तर काय करावे, हे व्हिडिओत कोणी सांगितले नव्हते. सांगणार कसे? ती माणसे फुलदाण्या सजवत होती!

तिथे एक खारवी आपली होडी वर ओढत होता.

"काकी, काय हरवलं?"

"पाट. बुडला."

"पाट कधी बुडतो होय? कसला हाय, लोखंडाचा?"

"लाकडाचाच. पण वर... लादी आहे."

त्याने होडीची दोरी खाली ठेवली आणि मला नीट बघून घेतले.

"ओहोटी लागलीय. थांबा जरा. लादी काय पोहत जायाची नाय."

"मी पाट घेतल्याशिवाय घरी येणार नाही," आबांनी जाहीर केले. आम्ही थांबलो. पाणी हटू लागले, तसा माझ्या पायाला एक निळा तुकडा लागला. मग दुसरा. मग ओंजळभर! भिजून फुगलेल्या लाकडाने माझे कमळ अंगावरून झटकून टाकले होते. तेवढ्यात आबा ओरडले, "अगो, आला गो, आला!" हलका झालेला पाट तरंगत येऊन त्यांच्या गुडघ्यावर आपटला होता. त्यांनी तो दोन्ही हातांनी छातीशी धरला. मी मात्र कोणाच्या पायात रुतायला नकोत, म्हणून चांगल्या साडीच्या पदरात तुकडे वेचत बसले.

"काकी," खारवी म्हणाला, "पुढच्या वर्षी माझ्या होडीकडं फिरकू नका हां!"

आरती दीड तास उशिरा झाली, पण वाळू पाटावरूनच घरी आली.

तो पाट आजही घरात आहे. माझ्या कमळातला एकच तुकडा त्यावर घट्ट बसलेला आहे. तो मी लावलेला नाही. मी जेवायला गेले असताना तो निखळला होता, आणि मी रागावेन म्हणून आबांनी गुपचूप फणसाच्या चिकाने चिकटवला होता.