साडेसहाची ओल

ऐंशी साल उजाडायच्या आधीची गोष्ट. वसई पूर्वेला मीठ तपासणाऱ्या एका छोट्या प्रयोगशाळेत मी नोकरीला होते. डोकं माझं पहिल्यापासून गरम. मिठातली ओल सहा टक्क्यांपर्यंत चालायची, सात आली की रास नापास. आकडा पूर्णांकात द्यायचा.

त्या दिवशी एका विधवा मावशींच्या मिठाची ओल आली ६.४६. आमच्याकडे आधी एकच दशांश ठेवायची पद्धत, म्हणून मी ६.५ लिहून पुढे सरकवलं. साहेबांनी साडेसहाचे सात केले आणि ठोकली सही! मावशी बाहेर बाकावर बसलेल्या. त्या राशीवर त्यांचं वर्षभराचं घर चालायचं.

"अहो साहेब, दोनदा कसं वाढवता? मूळ आकड्यावरून एकदाच करा, सहाच येतात!" मी भडकलेच.

साहेब भला माणूस. त्यांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "खरंय गं. पण सकाळी त्या म्हाताऱ्या बाबांचं ६.५४ होतं. एकदाच केलं तर त्याचे सात होतात. आपण साडेसहा लिहिलं आणि मी सहा दिले. नातीचं लग्न आहे म्हणाले."

"म्हणजे साडेसहा आलं की तुम्ही तोंड बघून ठरवता?"

"हो. आणि आत्ता तर बाहेर कोण बसलंय तेही बघितलं नाही."

मावशींचे सहा झाले, त्या हात जोडून गेल्या. साहेबांनी चपला घातल्या. "बाबांचा ट्रक उद्या भरणार. चल, आता त्यांनाही हाच नियम."

अगं बाई! एवढा पुढचा विचार मी केलाच नव्हता. तरी मी मागोमाग निघाले.

मिठागरावर बाबा रास झावळ्यांनी झाकत होते. आम्हाला बघून हरखले. साहेबांनी रास नापास असल्याचं सांगितलं. बाबांनी मूठभर मीठ उचलून माझ्यापुढे धरलं.

"बाय, सकाली सुकं होतं ना? मंग आता पानी कुठून आलं?"

एरवी तोफखाना असलेली मी साहेबांकडे बघू लागले.

"पाणी सकाळीही होतं, बाबा," साहेब म्हणाले. "मीच डोळेझाक केली."

 मीठ पुन्हा उन्हात पसरायला बाबा एकेक झावळी काढू लागले. मला रडू येत होतं, पण आकडा बदलावासा वाटला नाही.